पेन्शनरांचे बिनपगारी कारभारी

नोव्हेंबर उजाडला की जिल्हा कोषागारातून बँकांच्या शाखांकडे निवृत्तिवेतनधारकांच्या याद्या जातात. प्रत्येकाने त्या महिन्यात आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करून आपण हयात असल्याचे नोंदवायचे असते. ते राहून गेले, तर पुढच्या महिन्यांत निवृत्तिवेतन थांबते. सरकारी कागदावर ही एवढीच गोष्ट आहे. प्रत्यक्षात यादीत नाव सापडत नाही, मधल्या काळात शाखा बदललेली असते, कोणी अंथरुणाला खिळलेले असते, कोणी मुलाकडे परगावी गेलेले असते. अशा वेळी तालुक्याच्या गावी ज्यांचा फोन वाजतो, ती माणसे ना कोषागारातली असतात ना बँकेतली. ती सेवानिवृत्त कर्मचारी संघटनेच्या कार्यकारिणीतली असतात. वय पासष्ट ते ऐंशीच्या घरात, मानधन शून्य आणि प्रवासखर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून.

शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, परिचारिका, लेखा कर्मचारी, अभियंते अशा सगळ्यांच्या निवृत्तांच्या संघटना महाराष्ट्रात तालुक्यापासून राज्यापर्यंत पसरलेल्या आहेत. त्यांच्या मागण्या आणि मोर्चे वर्तमानपत्रांत येतात. या संघटना चालवणाऱ्या पदाधिकाऱ्यांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. ते नेमके काय करतात, कोणत्या बळावर करतात, कुठे कमी पडतात आणि त्यांच्यानंतर कोण, या चार प्रश्नांचा हा आढावा आहे.

हक्क कसा मिळाला

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहरबानी आहे, असे मानण्याचा काळ फार जुना नाही. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतरचा मैलाचा दगड म्हणजे १७ डिसेंबर १९८२ चा डी. एस. नकारा खटल्याचा निकाल. केंद्र सरकारने १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचे सूत्र सुधारले, पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिला. एक दिवस आधी निवृत्त झालेला माणूस त्याला मुकला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही विभागणी समानतेच्या तत्त्वाला सोडून असल्याचे ठरवले. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन हे पूर्वी केलेल्या सेवेचे मोल आहे आणि म्हातारपणी सन्मानाने जगण्याचे साधन आहे, हा विचार त्या निकालाने देशभर रुजवला. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो, तो या निकालामुळेच.

या खटल्यातली एक बाजू कार्यकारिणी सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. अर्जदार तीन होते: नागरी सेवेतून निवृत्त झालेले नकारा, सैन्यदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि ‘कॉमन कॉज’ ही नोंदणीकृत संस्था. या संस्थेला दाद मागण्याचा अधिकारच काय, असा आक्षेप सरकारने घेतला होता. न्यायालयाने तो मानला नाही. कोर्टाची पायरी चढण्याचे बळ नसलेल्या हजारो वृद्धांच्या वतीने संस्था उभी राहू शकते, हे त्यामुळे मान्य झाले. याच संस्थेच्या पुढच्या याचिकेतून अंशराशीकरणाचा प्रश्न मार्गी लागला. निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेल्यांना तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू करून मिळू लागला. आज पंधरा वर्षे पूर्ण होताच वाढीव निवृत्तिवेतन हातात पडते, त्यामागे कोणाच्या तरी बिनपगारी बैठका आहेत.

अलीकडचे उदाहरण ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांच्या वेतनवाढीचे. १ जुलैला मिळणारी वाढ वर्षभराच्या सेवेबद्दल असते. वर्ष पूर्ण भरूनही केवळ आदल्या दिवशी निवृत्त झाल्यामुळे ती नाकारली जात होती. ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंडिनमनी प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. निकाल लागल्यावर गावोगावी कोणाची निवृत्ती ३० जूनची आहे हे शोधणे, अर्जाचा नमुना तयार करणे आणि तो जुन्या कार्यालयात पोहोचवणे, हे सगळे संघटनांच्या सचिवांवर आले. निकाल दिल्लीत लागतो, पण तो माणसाच्या खात्यात उतरेपर्यंतचा प्रवास असा कोणाला तरी पायी करावा लागतो.

रोजचे काम

कार्यकारिणी म्हटले की हारतुरे, वर्धापनदिन आणि पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार डोळ्यांसमोर येतो. त्यांचेही मोल आहे. निवृत्तीनंतर माणूस एकाएकी एकटा पडतो आणि महिन्यातून एकदा समवयस्कांत बसणे त्याला हवे असते. पण संघटनेचे खरे काम कागदांचे आहे.

सर्वांत नाजूक काम कुटुंब निवृत्तिवेतनाचे. पेन्शनरच्या निधनानंतर पत्नीला मूळ वेतनाच्या साधारण ३० टक्के दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सेवापुस्तकात पत्नीचे नाव एक, आधारकार्डावर दुसरे आणि बँकेत माहेरचे, असे अनेक घरांत आढळते. जन्मतारखेची नोंद नसते. पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदानाच्या आदेशाची प्रत, कुठे ठेवली आहे, हे गेलेल्या माणसालाच ठाऊक असते. दुःखात असलेल्या बाईला चार कार्यालयांची नावे एका दमात सांगितली, तर ती अर्ध्यावरच थांबते. तिच्यासोबत कोषागारात जाऊन बसणारा, मृत्यूचा दाखला, संयुक्त छायाचित्र आणि प्रतिज्ञापत्र एकत्र लावून देणारा माणूस बहुतेकदा संघटनेचा सहसचिव असतो. दिव्यांग मुलाचे नाव पेन्शनरच्या हयातीतच नोंदवून घ्यावे, हे घराघरांत जाऊन सांगणाराही तोच.

दुसरे काम वसुलीच्या नोटिसांचे. वेतननिश्चिती चुकली म्हणून निवृत्तीच्या तोंडावर किंवा निवृत्तीनंतर लाखांच्या वसुलीचे पत्र येते आणि माणूस हादरतो. डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसिह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गट क आणि ड मधील कर्मचारी, निवृत्त झालेले आणि वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करू नये, असे सांगितले. पण जास्त दिलेली रक्कम परत करण्याचे हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी दिलेले असेल, तर २०१६ च्या जगदेव सिंग निकालाप्रमाणे गोष्ट बदलते. हा बारकावा माहीत असलेला पदाधिकारी सभासदाला खोटी आशा दाखवत नाही आणि हातची संधीही घालवू देत नाही. अर्धवट माहितीवर ‘काही होत नाही, दुर्लक्ष करा’ असा सल्ला देणारा मात्र नुकसान करतो.

याशिवाय महालेखापालांकडे अडकलेली प्रकरणे असतात. विदर्भ-मराठवाड्याची नागपूरला, बाकी महाराष्ट्राची मुंबईला. महागाई भत्त्याचा फरक, वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते, आयकर कपातीसाठी कोणती करप्रणाली निवडायची याचे पत्र, वयोमानानुसार मिळणारी वाढ हेही असते. केंद्राच्या नियमांत ८० वर्षे पूर्ण झाल्यावर २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन आहे. राज्यांचे दर आणि तारखा वेगळ्या असू शकतात. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला ही वाढ आपोआप मिळायला हवी, पण अभिलेखात जन्मतारीखच नसेल तर ती मिळत नाही. मग वयाचा पुरावा गोळा करण्यापासून सुरुवात करावी लागते.

कार्यकारिणीत कोण बसते

या माणसांची सर्वांत मोठी ताकद म्हणजे त्यांनी नोकरीत केलेले काम. तीस-पस्तीस वर्षे आस्थापना शाखेत घालवलेल्या लिपिकाला ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२’ मधली तरतूद पान उघडून दाखवता येते. टिप्पणी कशी लिहिली जाते आणि फाइल कोणत्या टेबलावर अडते, हे त्याला अनुभवाने कळते. कुठल्याही सल्लागार कंपनीला असे मनुष्यबळ विकत घेता येणार नाही.

पण नोकरीतल्या सवयीही सोबत येतात. निवृत्त वर्ग एकचे अधिकारी अध्यक्ष आणि निवृत्त शिपाई सभासद, ही उतरंड अनेक ठिकाणी जशीच्या तशी राहते. बैठकीत ‘साहेब’ बोलतात, बाकीचे ऐकतात. अधिकाऱ्याच्या ओळखीमुळे मंत्रालयात दार उघडते, हे खरे. पण तालुक्यातल्या चतुर्थश्रेणी पेन्शनरचा प्रश्न अजेंड्यावर शेवटी येतो, हेही खरे. सगळ्यात कमी निवृत्तिवेतन असणाऱ्याला संघटनेची गरज सगळ्यात जास्त असते. त्याच्या प्रकरणाने बैठक सुरू झाली पाहिजे.

महिलांचा प्रश्न याहून मोठा आहे. शिक्षिका, परिचारिका आणि ग्रामसेविका मोठ्या संख्येने निवृत्त होत आहेत. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांत तर स्त्रियाच बहुसंख्य. तरी कार्यकारिणीच्या फलकावर त्यांची नावे शोधावी लागतात. ‘महिला प्रतिनिधी’ असे एक पद ठेवले की जबाबदारी संपली, असे मानले जाते. विधवा पेन्शनरला आपल्या घरातली अडचण, मुलांनी पासबुक काढून घेतल्याची गोष्ट, पुरुषांनी भरलेल्या खोलीत सांगता येत नाही. ती ऐकायला समोर बाईच हवी, आणि तिच्या हाती निर्णयाचा अधिकार हवा.

सर्वांत गंभीर दुखणे वारसदारांचे आहे. अनेक संघटना एकाच माणसाच्या जिवावर चालतात. सभासदांची यादी त्याच्या वहीत, शासन निर्णयांचे कात्रण त्याच्या कपाटात, कोषागारातले संपर्क त्याच्या फोनमध्ये. तो आजारी पडला की संघटना आजारी पडते, तो गेला की बंद होते. ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले ताजे लोक वर्गणी भरतात, शासन निर्णय मोबाइलवर मागून घेतात, पण पद घ्यायला तयार नसतात. दुसरीकडे पंधरा-वीस वर्षे पदावर असलेले जागा सोडायला तयार नसतात. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात.

कायद्याची बाजू

आयुष्यभर नियमांत काम केलेल्या माणसांच्या संस्थाही कागदोपत्री ढिल्या सापडतात, ही दुःखाची गोष्ट आहे. महाराष्ट्रात अशी संघटना सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदलेली असते. त्यातून ठरावीक कर्तव्ये येतात. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची, हिशेब तपासून घ्यायचे, कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा.

बदल अर्जाकडे दुर्लक्ष ही सार्वत्रिक चूक आहे. निवडणूक होते, हार घातले जातात, पण परिशिष्ट एकवर दहा वर्षांपूर्वीच्या विश्वस्तांचीच नावे राहतात. त्यातले काही हयातही नसतात. मग बँक सहीचे अधिकार बदलून देत नाही, सभागृहाच्या जागेचा कागद नव्याने करता येत नाही आणि गट पडले तर खरी कार्यकारिणी कोणती, हा वाद वर्षानुवर्षे चालतो. सभासदांच्या वर्गणीतून, देणग्यांतून आणि श्रद्धांजली निधीतून जमलेले पैसे मुदत ठेवीत अडकून पडतात. स्वयंसेवक आहोत म्हणून जबाबदारी सौम्य होते, असे कायदा मानत नाही. विश्वस्त म्हणून नाव नोंदले गेले की हिशेबाला उत्तर द्यावे लागते.

यावर उपाय सोपे आहेत आणि पैशाचे नाहीत. धनादेशावर दोन सह्या, रोख व्यवहार शक्य तेवढा कमी, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचून कायम करणे आणि वार्षिक हिशेब छापून प्रत्येक सभासदाच्या हातात देणे. ज्यांनी सरकारी तिजोरीचा हिशेब पैपर्यंत जुळवला, त्यांना हे शिकवावे लागू नये.

सरकारदरबारी आवाज

केंद्र सरकारने १९८६ साली स्वयंसेवी संस्थांची स्थायी समिती नेमली. ‘स्कोवा’ या नावाने ती ओळखली जाते. पेन्शनर संघटनांचे प्रतिनिधी तिथे निवृत्तिवेतन विभागाच्या मंत्र्यांसमोर आणि अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडतात. केंद्राच्या पेन्शन अदालतींतही अडकलेली प्रकरणे एका टेबलावर निकालात निघतात. ही व्यवस्था परिपूर्ण नाही, पण बोलायला ठरलेली जागा आहे. राज्यात मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत फरक पडतो. जिथे जिल्हाधिकारी, कोषागार अधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी नियमित बैठक लावतात, तिथे संघटनेचे निवेदन कामाला येते. जिथे ती लागत नाही, तिथे ते आवक क्रमांक पडून थांबते.

संघटनांची फाटाफूट हाही अडथळा आहे. शिक्षकांची वेगळी, महसूलची वेगळी, जिल्हा परिषदेची वेगळी आणि त्यातही दोन-दोन गट. संवर्गाचे काही प्रश्न स्वतंत्र असतात, ते मान्य. पण वैद्यकीय खर्च, महागाई भत्ता, वेळेवर निवृत्तिवेतन आणि हयातीचा दाखला हे सर्वांचे प्रश्न आहेत. त्यांवर एकत्र समिती करायला कोणाचेही अध्यक्षपद जात नाही.

एकजुटीची गरज आज अधिक आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे असल्याचे नमूद केले. नकारा निकालाने जे दार बंद केले होते, ते यातून किलकिले होईल, ही पेन्शनरांची भीती निराधार म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगापुढे ही बाजू आकडे आणि निकालांसह मांडावी लागेल. घोषणा देऊन ते होणार नाही. अभ्यास करणारे, मसुदा लिहिणारे कार्यकारिणी सदस्य हवेत.

दारात उभी असलेली पिढी

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने लगेच ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. या पिढीतले लोक आता निवृत्त होऊ लागले आहेत. त्यांचे प्रश्न निराळे आहेत: खात्यातले अंशदान, शासनाचा हिस्सा जमा झाला की नाही, पर्याय कोणता निवडायचा, वार्षिकी किती येणार. १९८२ चे नियम मुखोद्गत असलेल्या जुन्या सचिवाकडे याची उत्तरे नाहीत. संघटनेने त्यांना ‘तुम्ही आमच्यातले नाही’ असे म्हटले, तर पंधरा वर्षांत संघटनेलाच सभासद उरणार नाहीत.

एसटीसारख्या सार्वजनिक सेवेतून निवृत्त झालेल्यांची स्थिती तर याहून बिकट. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर थांबले आहे. ते ७,५०० रुपये करावे, ही मागणी घेऊन हे वृद्ध वर्षानुवर्षे रस्त्यावर बसत आले आहेत. खात्रीचे निवृत्तिवेतन असलेल्यांनी त्यांच्या आंदोलनाला नुसता पाठिंबा न देता आपले कार्यालय, आपला टंकलेखक आणि आपला वकील द्यावा.

तंत्रज्ञानाने एक ओझे हलके केले आहे. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ने डिजिटल हयातीचा दाखला आणला आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो देता येतो. अंथरुणावरच्या माणसाला ही मोठी सोय आहे. पण त्याच सुमाराला ‘तुमची पेन्शन बंद होणार, ओटीपी सांगा’ असे फोनही येऊ लागले. कोषागार कधीही ओटीपी मागत नाही, हे वाक्य प्रत्येक मासिक सभेत पुन्हा पुन्हा सांगणे हे आता कार्यकारिणीचे काम झाले आहे. मोबाइल हाताळू शकणारे तरुण निवृत्त त्यासाठीच हवेत.

मग काय करावे

सगळा पट पाहिल्यावर निष्कर्ष स्पष्ट आहे. निवृत्तिवेतन देण्याच्या सरकारी यंत्रणेचा शेवटचा टप्पा ही बिनपगारी माणसे सांभाळत आहेत. ती नसतील तर शासन निर्णय निघतील, पण ते ज्यांच्यासाठी निघाले त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. म्हणून शासनाने प्रत्येक कोषागारात आणि पंचायत समितीत संघटनेच्या प्रतिनिधीसाठी आठवड्यातून एक दिवस टेबल द्यावे, तिमाही बैठक बंधनकारक करावी आणि लेखी निवेदनाला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

संघटनांनी आपल्या घटनेत पदाची मुदत घालावी: सलग दोन कार्यकाळ, त्यानंतर सल्लागार. प्रत्येक पदाधिकाऱ्यासोबत वर्षभर एक नवा माणूस शिकाऊ म्हणून असावा. सभासद यादी, नियम, नमुने आणि चालू प्रकरणांची नोंदवही संस्थेच्या मालकीची असावी, व्यक्तीच्या नाही. कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात आणि त्यांत कुटुंब निवृत्तिवेतनधारक असाव्यात. बदल अर्ज प्रलंबित असेल, तर पुढच्या सत्काराआधी तो दाखल करावा.

आणि जे यंदा किंवा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, त्यांना एकच विनंती. तुमच्या खात्यावर जमा होणारी रक्कम आधीच्या पिढीने न्यायालयात, कार्यालयांत आणि रस्त्यावर उभे राहून टिकवलेली आहे. वर्गणीची पावती घेऊन तिची परतफेड होत नाही. पहिली दोन वर्षे आपल्या तालुक्याच्या संघटनेत कार्यकारिणी सदस्य म्हणून काम करा, कोषागाराच्या दारात बसलेल्या एखाद्या विधवेचा अर्ज भरून द्या. नियम तुम्हाला येतात. आता ते तुमच्यानंतरच्यांच्या कामी लावा.